नकाराचे कारण

१८०१ साली तंजावूरच्या राजवाड्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक पत्र गेले. ते लिहिणारे दुसरे सरफोजी राजे तेव्हा जेमतेम चोविशीत होते. दोनच वर्षांपूर्वी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, त्यांचे राज्य कंपनीच्या हाती गेले होते. किल्ला आणि राजवाडा तेवढा त्यांच्याकडे उरला. शिवाय वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. अशा अवस्थेतला राजा फौजफाटा मागेल, मानमरातब मागेल. सरफोजींनी या पत्रात मागितली ती अन्नछत्रे. रामेश्वरच्या वाटेवर तंजावूरच्या भोसल्यांनी, बहुतेक आपल्या राण्यांच्या नावाने, बांधलेली छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत, त्यांचे उत्पन्न तोडू नये, अशी त्यांची मागणी होती.

ती मांडताना छत्रात काय चालते याचा तपशील राजांनी दिला आहे, आणि तो वाचताना मन थांबते. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजवलेला भात मिळतो. जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांनाही मिळतो. शिजवलेले न खाणाऱ्याला कोरडा शिधा मिळतो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवून राहिलेल्यांना बोलावतात. आजारी प्रवाशाला वैद्य आणि औषध, तान्ह्या मुलाला दूध, बाळंत होणाऱ्या बाईची सोय, वाटेत मेलेल्याचे अंत्यसंस्कार, हे सगळे त्यात आहे. जातीची उतरंड तिथे नव्हती असे मी म्हणणार नाही. ती त्या काळाच्या प्रत्येक पंगतीत होती. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला काय विचारायचे, याचा एक स्पष्ट नियम त्या पत्रात दिसतो. तुला भूक आहे का, तू आजारी आहेस का, तुझ्याबरोबर मूल आहे का, एवढेच विचारायचे. कुठून आलास, जवळ किती पैसे आहेत, परत कधी जाणार, हे प्रश्न छत्राच्या दारात नव्हते. तंजावूरहून दक्षिणेला ओरत्तनाडूला गेले, की मुक्तांबाळ छत्राची इमारत आजही दिसते. जोत्यावर घोडे आणि हत्ती कोरले आहेत, जणू सगळी वास्तू एक रथ आहे आणि ते तो ओढून नेत आहेत. सरफोजींनीच बांधलेली ही वास्तू आहे, आणि येणाऱ्याला आत घ्यायचे म्हणून एवढी शोभा केलेली इमारत मी दुसरी पाहिलेली नाही.

हाच राजा १८२० मध्ये काशीला निघाला. बरोबर लवाजमा सुमारे तीन हजारांचा. यात्रा १८२२ पर्यंत चालली. वाटेत दानधर्म झाला, देवळांचे जीर्णोद्धार झाले, पोथ्या जमवल्या गेल्या, आणि त्या प्रवासावर मराठीत लावण्या रचल्या गेल्या. पण किल्ल्याच्या भिंतीबाहेर पाऊल टाकले की राजा कंपनीच्या मुलखात होता. आपल्याच बापजाद्यांच्या वाटेवर चालायला त्याला कंपनीची मान्यता लागत होती, आणि मुक्काम, वाट, माणसे यांच्यावर साहेबाची नजर होती. स्वतःच्या छत्रात येणाऱ्याला काही न विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या तीर्थयात्रेसाठी मात्र दुसऱ्याच्या होकाराची वाट पाहावी लागली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की व्हिसाचा सगळा प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो. येणाऱ्याला अजिबात काही विचारू नये, असे मला म्हणायचे नाही. राज्याला विचारायचा हक्क आहे. पण विचारण्याच्या हक्काबरोबर एक जबाबदारीही येते. नाही म्हटले, तर का म्हटले ते लेखी सांगायचे, आणि तो नकार पुन्हा तपासायला दुसरा माणूस नेमायचा. ज्या दारात प्रश्न विचारले जातात आणि कारण दिले जात नाही, त्या दारातला कारभार मनमानीचा असतो, मग तिथे कितीही चकचकीत काच आणि टोकनचे यंत्र असो.

आजचा अर्जदार काय सोसतो ते जवळून पाहायला हवे. मुंबईतल्या एका व्हिसा केंद्रात सातारा जिल्ह्यातल्या एका जोडप्याच्या शेजारी मी बसलो होतो. लेक परदेशात, पहिले बाळंतपण तोंडावर. काकांच्या मांडीवर प्लास्टिकचा जाड फोल्डर होता. त्यात तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, बँकेचा सहा महिन्यांचा हिशेब, चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, आणि अगदी वर सातबारा. "जमीन दाखवली की परत येणार हे कळतं," काका म्हणाले. बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली तेव्हा काकूंच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. जन्मभर भांडी घासून, शेतात खुरपून बोटांच्या रेघा झिजल्या होत्या. काउंटरवरची मुलगी गोड होती. "काकू, बोटं पुसून परत ठेवा," असे तिने चारदा सांगितले, ओला कागदी रुमाल दिला. शेवटी ठसे कसेबसे उमटले. व्हिसा मिळाला नाही. आलेल्या कागदावर एक छापील वाक्य होते, ज्यातून त्या दोघांना एवढेच कळले की आपल्या परत येण्यावर कोणाचा तरी विश्वास बसलेला नाही. कशामुळे बसला नाही, सातबारा कमी पडला की वय, की लेक तिकडे असणे हाच दोष, हे त्यात नव्हते. फी परत आली नाही. नातीला त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिले.

त्या देशाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे कोणत्याही देशाच्या दारात घडू शकले असते. कायदे मात्र नाव घेऊन सांगता येतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २१४(ब) अर्जदार तिथे कायमचा राहायला येतो आहे असेच आधी गृहीत धरते. तसे नाही, हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर. व्हिजिटर व्हिसाची फी १८५ डॉलर, नकार आला तरी परत नाही, आणि नकारावर अपीलही नाही. पुन्हा फी भरा, पुन्हा अर्ज करा. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा कोड २००९ चा. त्यात नकाराचे कारण ठरावीक नमुन्यात लेखी द्यावे लागते आणि अपिलाचा हक्क आहे. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो झाली. तीही परत मिळत नाही. नमुना छापील चौकटींचा असतो, आणि मुदतीआधी परत जाण्याचा तुमचा इरादा पक्का वाटत नाही, अशा अर्थाच्या चौकटीवर खूण असली की अर्जदाराच्या हातात फार काही पडत नाही. तरीही या दोन व्यवस्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या ठिकाणी अधिकाऱ्याला निदान ठाऊक असते, की आपली खूण उद्या एखाद्या न्यायाधीशापुढे जाऊ शकते. लाखो अर्ज येतात म्हणून प्रत्येकाला कारण देणे जमणार नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. युरोपीय देशांच्या वकिलातींकडेही लाखोंनीच अर्ज येतात, आणि त्या कारण देतात. तेव्हा अडचण संख्येची आहे, हे मला पटत नाही.

शिवाय प्रश्न तटस्थ दिसले म्हणजे ते तटस्थ असतात, असेही नाही. हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच शिकवले गेले आहे. १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या वसाहतीने बाहेरून येणाऱ्यांसाठी एक कायदा केला. त्यात हिंदी माणूस असा शब्द कुठेही नव्हता. येणाऱ्याने एका युरोपीय भाषेत, त्या भाषेच्या लिपीत अर्ज लिहून दाखवावा, एवढीच अट होती. कोणाला तो लिहायला लावायचा, हे दारातला अधिकारी ठरवणार. लंडनमधल्या वसाहतमंत्र्याला, जोसेफ चेंबरलेनला, ही युक्ती इतकी आवडली की त्याने ती बाकीच्या वसाहतींपुढे आदर्श म्हणून ठेवली. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने श्रुतलेखनाची परीक्षा आणली ती याच वाटेने. कागदावर भाषेची परीक्षा, प्रत्यक्षात कातडीची. तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातल्या वलंगैमानचे श्रीनिवास शास्त्री १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून गेले, ते अशाच दारांमागे अडकलेल्या आपल्या लोकांच्या वतीने बोलायला. याच कावेरीकाठची माणसे त्या आधी आणि नंतर नागपट्टिनमहून जहाजाने मलायाच्या रबराच्या मळ्यांवर जात होती, आणि सिलोनला जाणाऱ्या मजुरांना मंडपमच्या क्वारंटाइन छावणीत अडकवून ठेवले जात होते. ज्यांच्या घामाची गरज होती, त्यांनाच दारात सर्वांत जास्त तपासले गेले.

बँकेतल्या शिलकीचा प्रश्न आज तसाच आहे. कागदावर तो श्रीमंत-गरीब सर्वांना सारखा. पण ज्याचा पगार बँकेत जमा होतो आणि ज्याचे पैसे साखर कारखान्याच्या बिलातून वर्षातून दोनदा येतात, त्यांना तो सारखा नाही. ज्या देशांतल्या नागरिकांना व्हिसाच लागत नाही, त्यांच्यापुढे तर तो कधी येतच नाही. कोणाला विचारायचे, हे माणूस पाहून ठरत नाही. पासपोर्टचे पान पाहून ठरते. आणि ते पान माणूस स्वतः कमावत नाही, ते त्याला जन्माबरोबर मिळते. ज्यात माणसाचे काही कर्तृत्व नाही, त्यावरून त्याच्या सचोटीचे अनुमान काढणे हे मला मुळातच अन्यायाचे वाटते.

दार नेहमीच असे होते, असेही समजायचे कारण नाही. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना व्हिसा मागणारी खिडकी नव्हती. त्यांची अडवणूक झाली ती इकडच्या समाजात. तिकडे चिनी मजुरांना रोखणारा कायदा आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, झाला होता. १९१७ मध्ये अमेरिकेने हिंदुस्थानसकट आशियाच्या मोठ्या पट्ट्यालाच दार बंद केले. १९४६ मध्ये ते वर्षाला शंभर माणसांपुरते किलकिले झाले, आणि १९६५ च्या कायद्यानंतर खरे उघडले. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गणपती बसवणारी मराठी घरे आहेत, त्यांचे पहिले पाऊल बहुधा त्या १९६५ नंतरचे आहे. पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धातून आली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिसच्या बैठकीत त्याचा एकसारखा नमुना ठरला, आणि त्याच साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा केला. युद्धकाळाची तात्पुरती सोय म्हणून आलेली ही वस्तू पुढे परत गेलीच नाही.

आणि ती हाती आल्याबरोबर कशासाठी वापरली गेली? १९१८ मध्ये लोकमान्य टिळक, खापर्डे, केळकर, करंदीकर ही मंडळी होमरूलची मागणी घेऊन विलायतेला निघाली. कोलंबोपर्यंत पोहोचली, आणि तिथे त्यांना कळले की पासपोर्ट रद्द झाले आहेत. त्याच वर्षी पुढे टिळकांना इंग्रज पत्रकार चिरोलविरुद्धच्या त्यांच्या खटल्यासाठी जाऊ दिले, ते अटी घालून. माणूस तोच, वाट तीच, मधले काही महिने. बदलली होती ती सरकारची सोय. ज्या कागदाचे कारण द्यावे लागत नाही, तो कागद सरकारच्या हातात हत्यार होतो, हे आपल्या राजकारणाला तेव्हाच कळायला हवे होते.

स्वातंत्र्यानंतरही ते कळायला वेळ लागला. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि मग त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. दहा वर्षांनी मेनका गांधींचा पासपोर्ट सरकारने जप्त केला. कारण विचारले, तर सार्वजनिक हितासाठी कारण देता येत नाही, असे उत्तर मिळाले. २५ जानेवारी १९७८ चा निकाल आपल्या घटनेच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो, तो या एका उत्तरामुळे. न्यायालयाने सांगितले की माणसाचे स्वातंत्र्य काढून घ्यायची रीत न्याय्य, वाजवी आणि मनमानीमुक्त असली पाहिजे; त्याला कारण कळले पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. भारतात जीवित आणि स्वातंत्र्याबद्दलचा पुढचा जवळजवळ प्रत्येक मोठा निकाल या वाटेवरून आला. म्हणजे दारातल्या नकाराला कारण हवे, ही कल्पना आपल्याकडे उसनी आलेली नाही. ती आपल्या न्यायालयाने एका पासपोर्टवरून घडवलेली आहे.

कायदा जाणणारा वाचक इथे अडवील. नागरिकाला जायचा हक्क आहे. परक्याला यायचा हक्क नाही. हे खरे आहे. मी परक्याला हक्क द्या असे म्हणतच नाही. कारण देणे ही हक्काची नव्हे, राज्यकारभाराच्या सचोटीची बाब आहे. ज्याला हक्क नाही त्यालाही माणूस म्हणून उत्तर मिळावे, एवढेच.

याहून मोठा आक्षेप खुद्द तंजावूरच्या राजवाड्यात उभा आहे, आणि तो मराठी माणसाला टोचणारा आहे. भोसले इथे कसे आले? तंजावूरचे राज्य नायकांचे होते. मदुरेच्या नायकांनी ते जिंकले. गादीच्या वारसाला परत बसवायला म्हणून विजापूरच्या बाजूने व्यंकोजी राजे सैन्यासह आले. आले मदतीला, आणि १६७५ च्या सुमारास गादीवर स्वतःच बसले. पुढे १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले राज्यही खालसा केले, तोवर ती गादी भोसल्यांचीच होती. दाराशी आलेल्याला नीट विचारले नाही तर काय होते, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा दुसरीकडे शोधायला नको. दुसरा पुरावा किनाऱ्यावर आहे. नोव्हेंबर १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांना तरंगंबाडीला राहायची आणि व्यापार करायची परवानगी दिली. सोन्याच्या पत्र्यावरचे ते लेखन आजही कोपनहेगनच्या दफ्तरात जपलेले आहे. वर्षाला ठरलेली रक्कम तंजावूरच्या गादीला द्यायची, अशी अट होती. एका अर्थाने तो अटी घातलेला, लेखी, फी ठरवलेला प्रवेश परवानाच होता. तरंगंबाडी सव्वादोनशे वर्षे डॅनिश राहिली, आणि १८४५ मध्ये त्यांनी ती इंग्रजांना विकली. तंजावूरला कोणी विचारलेही नाही.

मग काय, पहारा आणखी कडक करायचा? माझे उत्तर वेगळे आहे, आणि तेही या दोन गोष्टींतूनच मिळते. व्यंकोजी राजे तीर्थयात्री म्हणून आले नव्हते; फौज घेऊन आले होते. डॅनिश आले ते जहाजे, तोफा आणि आपल्या राजाची सनद घेऊन. कंपनी आली ती तह घेऊन. ज्यांच्यामुळे तंजावूर बुडाले त्यांच्यापैकी कोणीही छत्राच्या दारात भाताची वाट पाहत उभा नव्हता. बलवानांना दार बळाने, तहाने किंवा पैशाने उघडते, आजही उघडते. पैसे गुंतवणाऱ्याला नागरिकत्व विकणारे देश आहेत. प्रश्नांची सरबत्ती होते ती सातबारा घेऊन बसलेल्या काकांवर. राज्याच्या सुरक्षेचे नाव घेऊन आपण ज्यांना सर्वांत जास्त विचारतो, ते बहुधा सर्वांत कमी धोक्याचे असतात. ज्याला गुप्तपणे घुसायचे आहे तो खोटे कागद खऱ्यांपेक्षा नीटनेटके करून आणतो. तपास करायचा तर माणसाने काय केले आहे याचा करावा: गुन्हा, खोटे कागद, आधी मुदत मोडून राहणे. तो पुढे काय करील, याचे अंदाज त्याच्या गरिबीवरून बांधू नयेत.

आता आपल्याकडे पाहू. दुसऱ्यांच्या दारातला अपमान आपल्याला लगेच दिसतो. आपल्या दारात उभे राहणारे दिसत नाहीत. तंजावूरला परदेशी पाहुणे बारा महिने येतात. मोठ्या देवळातून बाहेर पडून राजवाड्यात शिरले, की भारतीय आणि परदेशी यांचे वेगळे दर लिहिलेला फलक समोर येतो. ते जिथे उतरतात त्या लॉजवाल्याला त्यांचा पासपोर्ट, व्हिसा, कुठून आले आणि पुढे कुठे जाणार याचा तपशील चोवीस तासांत सरकारकडे कळवावा लागतो. यामागचा कायदा २०२५ पर्यंत जुनाच होता, इंग्रजांच्या काळातला, युद्धाच्या भीतीत घडलेला. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा आणि त्याच्या जोडीचे कायदे मोडीत काढून २०२५ मध्ये एकच नवा कायदा आला, पण परक्याकडे संशयाने पाहायची दृष्टी त्यातही फारशी बदललेली नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ई-व्हिसाने रांग कमी केली, हे सरकारचे खरोखर चांगले काम आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण अर्ज नाकारला तर पैसे परत नाहीत, हे आपल्याकडेही तसेच. सातारच्या काकूंच्या बाजूने बोलायचे असेल, तर दिल्लीच्या व्हिसा अधिकाऱ्याने नाकारलेल्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याच्या, एखाद्या आफ्रिकी रुग्णाच्या बाजूनेही बोलावे लागेल. आपल्याला हवे ते दुसऱ्याला द्यायची तयारी नसेल, तर आपली तक्रार गाऱ्हाण्यापलीकडे जात नाही.

तंजावूरच्या राजवाड्याच्याच आवारात सरस्वती महाल आहे. सरफोजींनी वाढवलेला हा ग्रंथसंग्रह जगातल्या मोठ्या हस्तलिखित संग्रहांपैकी एक. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या, राजांनी स्वतः जमवलेली हजारो युरोपीय पुस्तके, आणि तंजावूरच्या मराठी राज्याचे मोडी कागद. मोडी वाचणारी माणसे महाराष्ट्रातच मोजकी उरली. तंजावूरची, तीही त्या काळच्या दक्षिणी मराठीची मोडी वाचणारी त्याहून मोजकी. तिथल्या एखाद्या दफ्तराला वाचक मिळाला, तर तो कोणत्या देशाचा आहे हे पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

तरीही आपण ती करतो. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला सरस्वती महालाच्या संग्रहालयात काचेमागची पोथी पाहता येते. टेबलाशी बसून तिच्यावर काम करायचे तर वेगळा संशोधन व्हिसा लागतो. परक्या माणसापुरते हे मी काहीसे समजू शकतो. पण ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असलेल्यांनाही संशोधनासाठी विशेष परवानगीच्या यादीत टाकले. धर्मप्रचार, गिर्यारोहण आणि पत्रकारितेच्या ओळीत. त्याच अधिसूचनेने त्यांना संग्रहालये आणि वारसास्थळे यांच्या तिकिटात भारतीयांचा दर दिला. याचा अर्थ काय होतो, ते पाहा. तंजावूरच्या एखाद्या मराठी घराण्यातली, शिकागोत जन्मलेली मुलगी आपल्या पणजोबांच्या नावाचा मोडी कागद शोधत राजवाड्यात आली, तर तिकीट खिडकीवर ती भारतीय आहे. वाचनालयाच्या टेबलाशी ती परकी आहे. तिने दालने बघितली तर काही विचारायचे नाही. तिने कागद वाचला, नकलून घेतला, त्यावर लिहिले, तर परवानगी दाखवा.

या नियमामागची भीती मला समजत नाही. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या मोडी कागदात देशाच्या सुरक्षेला धक्का देणारे काय असणार? आणि ज्या राजवाड्यात हे घडते, त्याचा इतिहासच बाहेरून आलेल्या विद्वानांनी घडवलेला आहे. क्रिस्टियन फ्रीड्रिख श्वार्ट्स हा प्रशियात जन्मलेला पाद्री १७५० मध्ये डॅनिश मिशनतर्फे तरंगंबाडीला उतरला. तो तमिळ शिकला, मराठी शिकला, १७७९ मध्ये हैदर अलीकडे वकील म्हणून गेला, आणि तुळजाजी राजांनी आपल्या दत्तक मुलाला, म्हणजे सरफोजींना, त्याच्या देखरेखीखाली दिले. सरफोजींचे विज्ञान, वैद्यक, पुस्तकांची ओढ, यांच्या मुळाशी त्याचा मोठा वाटा आहे. १७९८ मध्ये तो वारला, तेव्हा सरफोजींनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आहे, आणि त्यात मरणशय्येवरच्या गुरूचा हात धरून राजा उभा आहे. राजवाड्यातला सरफोजींचा पुतळाही त्याच शिल्पकाराचा. श्वार्ट्स धर्मप्रचारासाठी आला, शिक्षक झाला, मध्यस्थ झाला, पालक झाला. आजच्या व्हिसाच्या कुठल्याही एका रकान्यात त्याचे आयुष्य मावले नसते, आणि रकाना बदलला म्हणून त्याला पहिल्या वर्षीच परत पाठवावे लागले असते. माणसे येतात एका कामाला आणि त्यांच्या हातून दुसरे घडते. तेच दुसरे काम बहुतेक वेळा त्या देशाच्या पदरात मोठे पडते. व्हिसाचा अर्ज माणसाचे एकच कारण विचारतो, आणि पुढे त्याला त्या कारणात बांधून ठेवतो. मला हे उद्धटपणाचे वाटते, आणि तोट्याचेही.

म्हणून माझी मागणी आधी आपल्या सरकारकडे आहे, परदेशी वकिलातींकडे नंतर. अमेरिकेचे कलम २१४(ब) दिल्लीत बदलता येणार नाही. दिल्लीत एवढे मात्र करता येईल, की भारताने व्हिसा नाकारला तर नाकारलेल्या प्रत्येकाला त्याच्या अर्जाबद्दलचे, छापील चौकटीपलीकडचे कारण दोन ओळींत लेखी मिळावे, आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तो नकार फेरतपासणीला नेता यावा. सुरक्षेचे खरोखर गोपनीय कारण असेल तिथे तेवढे सांगावे आणि फेरतपासणी बंद दाराआड करावी. हे केले तर उद्या आपल्या नागरिकांसाठी दुसऱ्यांकडे तेच मागताना आपला आवाज चढवता येईल. आज तो घशात अडकतो.

आणि ओसीआयच्या यादीतला संशोधन हा शब्द काढावा. पुराभिलेखागारे, विद्यापीठे आणि सरस्वती महालासारखी ग्रंथालये यांत काम करायला त्या संस्थेचे वाचकपत्र पुरेसे मानावे. कोणाला टेबल द्यायचे आणि कोणाला पोथी हाताळू द्यायची, हे ग्रंथपाल गृहखात्यापेक्षा नक्कीच चांगले ठरवतील. यासाठी संसदेत विधेयक न्यावे लागत नाही. २०२१ ची यादी अधिसूचनेने आली होती, आणि नव्या अधिसूचनेने ती एका दिवसात दुरुस्त होऊ शकते.